पोपटीचे मडके



नाताळची सुटी लागली आहे. पोरे घरी आहेत. ज्यांची शेती उरली आहे त्यांचे भात झोडून झाले. पहाटे अंगावर गोधडी ओढावी अशी थंडी पडते. अशा दिवसांत आपल्या सुकापुरात एकच प्रश्न कानावर येतो, "यंदा पोपटी कधी लावायची?"

आज आम्ही त्या पोपटीविषयीच चार शब्द बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "त्यात काय सांगायचं? पोपटी तर शेंबड्या पोरालाही येते." खरे आहे. पण पोपटीच्या एका मडक्याने आम्हांला पुष्कळ शिकवले. ते तुम्हांला सांगावे असे वाटते. आम्ही म्हणजे एका गल्लीतल्या सात-आठ बाया. बोलणारी एक असली तरी बोलणे सगळ्यांचे आहे.

आज वर्गात काही मंडळी घाटावरून आलेली आहेत. त्यांच्यासाठी आधी पोपटी म्हणजे काय ते सांगतो.

पोपटी हे आपल्या रायगड जिल्ह्याचे खाणे. १९८१ सालापर्यंत या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. पनवेल, पेण, अलिबाग, सगळीकडे थंडीत पोपटी लागते. तिला लागतात वालाच्या हिरव्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, जाडे मीठ, ओवा आणि एक मातीचे मडके. तेल लागत नाही. पाणीही लागत नाही.

दहा-बारा माणसांना दोन किलो शेंगा घ्याव्या. एक किलो बटाटे, अर्धा किलो रताळी आणि डझनभर अंडी घ्यावी. शेंगा निवडून धुवाव्या. त्यांना मीठ आणि ओवा चोळावा. मडके नवे असेल तर आधी पाण्यात बुडवून ठेवावे, नाही तर जाळात तडकते. मग मडक्याच्या बुडाशी भांबुर्डीचा पाला दाबून भरावा. त्यावर शेंगांचा थर द्यावा. त्यावर बटाटे, रताळी, धुतलेली अंडी ठेवावी. पुन्हा शेंगा घालाव्या. खाणारे असतील त्यांनी कोंबडीचे तुकडे मीठ-मसाला लावून, केळीच्या पानात बांधून मध्ये ठेवावे. शेवटी तोंडाशी पुन्हा पाला. तो इतका घट्ट कोंबावा की मडके उपडे केले तरी दाणा खाली पडू नये.

आता मोकळ्या जागी मडके जमिनीवर उपडे ठेवायचे. भोवती आणि वर पेंढा, सुक्या काटक्या, पालापाचोळा, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायचे. अर्धा-पाऊण तास जाळ चालू ठेवायचा. मग मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चर्र करून थेंब लगेच उडाले की पोपटी झाली. काठीने मडके बाहेर ओढायचे, जाड फडक्याने धरायचे, पाला काढायचा आणि पानावर ओतायचे. सगळ्यांनी भोवती बसायचे. शेंग सोलायची आणि दाणे तोंडात टाकायचे.

आमच्या वर्गातल्या एका आजीने विचारले, "पाणी नाही घातलं, तर शेंगा शिजतात कशा? आणि मडकं उपडंच का?" आम्ही आयुष्यभर पोपटी खाल्ली, पण हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. मग गुरुजींनी समजावले. हिरव्या शेंगेत पाणी असते. पाल्यातही असते. जाळाने ते तापते आणि त्याची वाफ होते. वाफ हवेपेक्षा हलकी असते, म्हणून ती वर जाते. मडके सुलटे असते तर ती तोंडावाटे निघून गेली असती. उपड्या मडक्याचे बूड वर असते. तिथे वाफेला वाट नाही. ती आतच कोंडते आणि शेंगा शिजवते. ओला पाला असतो म्हणून शेंगा करपत नाहीत. आपल्या वाडवडिलांना पाटी-पेन्सिल माहीत नसेल, पण त्यांनी हे शास्त्र जाळाजवळ बसून ओळखले होते.

आता आमची गोष्ट ऐका.

आमच्या लहानपणी पोपटी हे पुरुषांचे काम होते. बाया दुपारी शेंगा निवडत, मीठ-ओवा चोळून देत. तिन्हीसांजेला पुरुष आणि पोरगे मडके घेऊन शेतावर जात. तिथे गाणी होत, हसणे-खिदळणे होई. आम्हांला घरातून लांबवरचा जाळ तेवढा दिसे. सकाळी फडक्यात बांधून उरलेल्या गार शेंगा घरी येत. त्या आम्ही खात होतो. राग येत नव्हता. असेच असते, असे वाटे.

मग एका वर्षी आमच्यातली एक जण म्हणाली, "शेंगा आपण निवडायच्या आणि जाळ बघायचासुद्धा नाही? यंदा अंगणात लावू."

सासूबाई काय म्हणतील, ही भीती होती. घाबरतच आम्ही विचारले. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला या घरात येऊन पन्नास वर्षं झाली. गरम पोपटी अजून खाल्ली नाही. लावा."

तशी अंगणात पोपटी ठरली. आणि एकीच्या मनात आले, की समोरच्या इमारतीतल्या बाईलाही बोलवावे.

सुकापूर किती बदलले ते तुम्ही जाणताच. १९७० साली सिडको स्थापन झाली. नवी मुंबई वसू लागली. रुळांपलीकडे नवीन पनवेल उभे राहिले. मग त्याच्या कडेची गावेही भरू लागली. माथेरानच्या रस्त्याला, जिथे भाताची खाचरे होती, तिथे आज चार-चार मजल्यांच्या इमारती आहेत. त्यांत सोलापूरची माणसे आहेत, जळगावची आहेत, गोव्याची आहेत. रोज एकमेकांना बघतो, पण ओळख नाही. गाववाले म्हणतात, "ही बाहेरची." इमारतवाले म्हणतात, "ही गावातली." मधे रस्ता एवढासा, पण ओलांडवत नाही.

ही बाई सोलापूरकडची. पाण्याच्या टँकरपाशी तिची ओळख झाली होती. आम्ही म्हटले, "वहिनी, रविवारी पोपटी आहे. मुलांना घेऊन या." तिला आनंद झाला. रविवारी ती चांगले लुगडे नेसून आली. दोन्ही मुलांचे केस नीट विंचरलेले होते.

मडके उघडले. वास सुटला. पानावर शेंगा, अंडी, बटाटे पडले. त्यांत कोंबडीही होती. पान सुटले होते आणि रस्सा सगळ्या शेंगांना लागला होता. आम्ही तिच्यापुढे पान सरकवले. ती हसून म्हणाली, "तुम्ही घ्या. आमचं जेवण झालंय."

तेवढ्यात धाकटा मुलगा म्हणाला, "आई, आपण कुठं जेवलो?"

तिचा चेहरा उतरला. ती माळकरी घरातली होती. मांस-मच्छी खात नव्हती. आम्ही विचारले नव्हते, आणि तिने संकोचाने सांगितले नव्हते. थोडा वेळ बसून ती मुलांना घेऊन निघून गेली. त्या रात्री आम्हांला पहिल्यांदा गरम पोपटी मिळाली होती, पण घास गोड लागला नाही.

सासूबाई म्हणाल्या, "बोलावलंत खरं, पण तिच्या पानाचा विचार केला नाहीत."

मंडळी, यात भांडण झाले नाही. पण पुढचे दोन-तीन आठवडे टँकरपाशी ती खाली मान घालून उभी राही. आम्हीही दुसरीकडे बघत होतो. भांडण झाले तर मिटवता येते. संकोच मिटवायचा कसा, ते कळेना.

मग संक्रांत आली. त्या दिवशी कोणाच्याही दारात जायला कारण लागत नाही. आम्ही तिळगूळ घेऊन तिचा जिना चढलो. तिळगूळ हातावर ठेवला आणि सरळ सांगितले, "वहिनी, चूक आमची झाली. शेंगांचा हंगाम अजून आहे. येत्या रविवारी परत लावतो. दोन मडकी लावू. एक तुमच्यासारख्यांचं, एक आमच्यासारख्यांचं. पानंही वेगळी ठेवू."

ती म्हणाली, "येते. पण नुसती जेवायला नाही येणार. शेंगा निवडायला दुपारीच येते."

ती दुपारी आली, आणि निवडता निवडता बोलू लागली. तिच्या गावी याच दिवसांत हुरडा असतो. ज्वारीचे कणीस दाण्यात भरते, पण अजून कोवळे असते. शेतात खड्डा करून गोवऱ्यांचा विस्तव करतात. त्याला आगटी म्हणतात. कणसे त्यात भाजायची, गरम गरम हातावर चोळायची आणि दाणे फुंकून खायचे. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. पै-पाहुणे त्यासाठी लांबून येतात. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "इथं आल्यापासून शेतात बसून कोणाबरोबर खाल्लं नव्हतं."

तिने कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. वालाच्या गरम दाण्यांबरोबर ती चटणी काय लागली म्हणून सांगू! आता आमच्या पोपटीला ती चटणी हवीच असते.

जाळ बघून वरच्या मजल्यावरचे जळगावकडचे कुटुंब खाली आले. त्यांनी भरताची हकीकत सांगितली. थंडीत त्यांच्या शेतात भरीत पार्टी होते. मोठी हिरवी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. गोव्याच्या एका बाईने बेबिंकाची गोष्ट सांगितली. नाताळात तिच्या माहेरी नारळाचे दूध, अंड्यांचा बलक, मैदा, साखर आणि तूप यांचे बेबिंक करतात. एक थर ओतायचा, झाकणावर निखारे ठेवून तो वरच्या आचेने भाजायचा, मग दुसरा थर. असे सात थर व्हायला सबंध दिवस जातो. झाले की शेजारीपाजारी ताटे जातात.

पुढे आम्हांला कळले की वलसाडकडे उबाडियू करतात, तेही उपड्या मडक्यातच. पापडीच्या शेंगा, कंद आणि रानपाला घालून. गुजरातचा उंधियूही मुळात तसाच. 'उंधू' म्हणजे उपडे, त्यावरून ते नाव पडले.

म्हणजे बघा. कोणाकडे शेंग, कोणाकडे कणीस, कोणाकडे वांगे. पण हंगाम एकच. कामाचा रेटा थोडा कमी झालेला, रान हिरवे, हवा गार. अशा वेळी माणसे विस्तवाभोवती जमतात आणि वाटून खातात. आम्ही ज्यांना बाहेरची म्हणत होतो, त्यांच्याही गावी हाच विस्तव पेटत होता.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. पुढच्या पावसाळ्यात आमच्या बैठ्या घरांत गुडघाभर पाणी शिरले. वर्षाच्या तांदळाची पिंपे जमिनीवर होती. तेव्हा रात्री समोरच्या इमारतीतली माणसे कंदील-बॅटऱ्या घेऊन खाली आली. पिंपे उचलून त्यांच्या जिन्यात ठेवली. सासूबाईंना सोलापूरच्या वहिनींनी आपल्या घरी झोपवले. पोपटीच्या मडक्याने पूर अडत नाही. पण पूर आला तेव्हा कोणाच्या दाराची कडी वाजवायची, हे आम्हांला ठाऊक होते.

आता दुसरी गोष्ट. ती वालाची.

भात कापले की खाचरात ओल राहते. त्या ओलीवर वाल पेरतात. त्याला पाटाचे पाणी लागत नाही. वालाच्या मुळांवर बारीक गाठी असतात. डोळ्यांना न दिसणारे जंतू त्यांत राहतात. हवेतला नत्र घेऊन ते झाडाला पुरवतात. म्हणून वालानंतर जमिनीचा कस वाढतो आणि पुढच्या भाताला फायदा होतो. वाळलेल्या वालाच्या १०० ग्रॅम दाण्यांत २० ग्रॅमांहून जास्त प्रथिने असतात. अंग भरायला प्रथिने लागतात. ज्या घरी मांस नाही, त्या घरी डाळ आणि वाल हाच आधार.

पण वाल पेरायला जमीन हवी. आपल्या भागातल्या जमिनी गेल्या. काहींच्या सरकारने घेतल्या, काहींनी विकल्या. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखाली लढा दिला. त्यात पाच माणसे गोळीबारात मेली. ही मोठी गोष्ट आहे, आणि ती मुलांना सांगितली पाहिजे. पूर्वी पोपटीच्या शेंगा आपल्याच खाचरातून येत. आता पनवेलच्या बाजारातून किलोवर घ्याव्या लागतात. भांबुर्डी पूर्वी बांधावर आपोआप उगवे. आता बांधच नाहीत.

गेलेले खाचर परत येणार नाही. पण बी आपल्या हातात आहे. आमच्या सासूबाई दर वर्षी चांगल्या भरल्या शेंगा वेलावर वाळू देतात. दाणे राखेत घोळून डब्यात ठेवतात. गेल्या वर्षी आम्ही ते बी वाटून घेतले. कोणी कुंपणाला लावले, कोणी तुटक्या बादलीत लावले. सोलापूरच्या वहिनींनी गच्चीवर लावले. दोन किलो शेंगा काही झाल्या नाहीत. ओंजळभर झाल्या. पण मडक्यात सगळ्यांत वर आम्ही त्याच शेंगा घातल्या. ज्याच्याकडे हातभर जमीन आहे, त्याने दहा दाणे जरूर पेरावे.

आता पोपटी लावणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. मोठेपणाने नाही, ठेच लागली म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट. जाळ मोकळ्या जागी करा. जवळ वाळलेले गवत, गंजी, विजेच्या तारा नसाव्या. पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा. निघताना विस्तव पुरता विझवा. एका ठिणगीने डोंगराला वणवा लागतो.

दुसरी. जाळात प्लास्टिक, रबर, टायर टाकू नका. त्याचा धूर विषारी असतो. हिरवे झाड तोडू नका. पेंढा आणि काटक्या पुरतात.

तिसरी. भांबुर्डी ओळखणाऱ्यानेच पाला आणावा. भलता पाला मडक्यात घालू नये. ओळख नसेल तर केळीचे पान वापरावे.

चौथी. कोंबडी घालाल तर तुकडे लहान ठेवा. मध्यभागी कच्ची तर नाही ना, हे बघून मगच वाढा. कच्ची कोंबडी पोट बिघडवते.

पाचवी. हल्ली पोपटीच्या नावावर बाटल्या उघडतात. मग बाया-पोरे तिथे जात नाहीत, आणि भांडणेही होतात. ज्या जाळाजवळ आपली आई आणि लेक बसू शकत नाही, त्या जाळाला पोपटी म्हणू नका.

चार म्हणता म्हणता पाच झाल्या. आता एकच राहिली, आणि ती या वर्गाशी लागू आहे.

पूर्वी आमचा सगळा कारभार तोंडी होता. कोणी किती वर्गणी दिली, कोणी शेंगा आणल्या, यावरून कुरबुर होई. आता आमच्याकडे एक वही आहे. या वर्गात अक्षरे शिकल्यावर आम्ही ती घातली. एका पानावर जमा आणि खर्च लिहितो. दुसऱ्या पानावर कोणाचे काय चालते, काय चालत नाही, ते लिहितो. कोण माळकरी आहे, कोणाचा रविवारी उपास असतो, कोणाला अंडे चालते, कोणाला मीठ कमी लागते. ते पान आम्हांला हिशेबाच्या पानापेक्षा मोठे वाटते. पहिल्या वर्षी ते पान असते, तर एका पोराला भुकेले घरी जावे लागले नसते.

वहीच्या शेवटी आम्ही कृती लिहायला घेतल्या आहेत. शेंगदाण्याची चटणी झाली, बेबिंक झाले. सासूबाईंनी सांगितलेली पोपटीही त्यात आहे. ती आमच्यातल्या एकीने स्वतःच्या हाताने लिहिली. सहा ओळी लिहायला तिला दोन संध्याकाळी लागल्या. 'भांबुर्डी' हा शब्द तिने तीनदा खोडला. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी पानावर हात फिरवला आणि विचारले, "यात मीठ किती लिहिलंस?" तिने वाचून दाखवले, "दोन मुठी." त्या म्हणाल्या, "माझ्या मुठी, म्हणून लिही. तुझी मूठ मोठी आहे."

तसे लिहिले आहे.

येत्या रविवारी अंगणात पोपटी आहे. मडकी दोन असतील. सगळ्यांनी यावे. आणि येण्याआधी वहीत आपले नाव स्वतःच्या हाताने लिहावे.